चालू दिनांक व वेळ

फायनल नावाची गोष्ट जगात नसते, हे मला खरं तर अध्यात्माच्या मार्गानं कळायला हवं होतं. मला ते एक्सेलच्या मार्गानं कळलं.

मी एमसीए आहे. आमच्या यवतमाळात एमसीए झालेल्या मुलीचं एक तर लग्न होतं किंवा ती पुण्याला जाते, आणि बहुतेक वेळा लग्न होऊनच पुण्याला जाते. मी दोन्ही केलं नाही. मोतीबिंदूची मोफत ऑपरेशनं करून देणाऱ्या एका संस्थेत मी 'माहिती समन्वयक' म्हणून लागले. संस्थेचं नाव सांगत नाही. चांगलं काम करणारी माणसं आहेत, उगाच कशाला. समन्वयक या शब्दाचा अर्थ मात्र मला तिथं लवकरच समजला. जे काम कुणाचंच नसतं ते समन्वयकाचं असतं, आणि जी चूक सगळ्यांची असते तीही त्याचीच असते.

काम तसं सोपं होतं. गावोगावच्या आमच्या कार्यकर्त्या म्हाताऱ्या माणसांचे डोळे टॉर्च मारून बघायच्या. ज्यांच्या बुबुळात पांढरं दिसेल त्यांची नावं तालुक्याच्या समन्वयकाकडे जायची. तो त्यांची यादी करून सगळ्यांच्या एका सामाईक फोल्डरमध्ये टाकायचा. पुण्याच्या एका कंपनीनं आम्हाला एक प्रोग्राम करून दिला होता. तो प्रत्येक तालुक्याची सगळ्यात ताजी यादी उचलायचा आणि गाडीच्या ड्रायव्हरच्या मोबाइलवर पाठवायचा, की अमुक गावाला जा, अमुक माणसाला घे आणि यवतमाळला आण. ऑपरेशन झालं की समन्वयकानं ती नावं काढायची, नवी घालायची आणि पुन्हा यादी टाकायची. या सगळ्यात माणसाला करायचं होतं ते एवढंच, की कोणती यादी ताजी आहे ते यंत्राला कळू द्यायचं. आणि तिथंच आमचं घोडं पेंड खात होतं.

कारण फोल्डरमधली नावं अशी असायची. पहिली 'यादी_फायनल'. तिच्या खाली 'यादी_फायनल_नवीन'. तिच्या खाली 'यादी_फायनल_खरी', म्हणजे आधीच्या दोन खोट्या हे ओघानंच आलं. मग 'महागाव_फायनल_साहेबांनी_पाहिलेली'. साहेबांनी पाहिल्यावर त्यात चुका निघायच्याच, म्हणून 'महागाव_फायनल_साहेबांनी_पाहिल्यानंतरची'. आणि पांढरकवड्याच्या समन्वयकांची एक होती 'हीच_घ्या'. लग्नपत्रिकेच्या तळाशी 'हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे' छापतात, त्यातलाच प्रकार. चार दिवसांनी तिच्या शेजारी 'ती_नका_घेऊ_हीच_घ्या' येऊन बसली.

फाईल कधी आली ते संगणक सांगतो, हे मलाही माहीत होतं. पण तालुक्याला रेंज गेली की जुनी यादी अर्धवट अडकून पडायची आणि रेंज आल्यावर नव्या यादीच्या मागून वर चढायची. त्यामुळे त्यावर भरवसा नव्हता. ताजी यादी कोणती ते प्रोग्रामला मी हातानं दाखवून द्यायचे. म्हणजे आधी फोनवर भांडायचे आणि मग दाखवायचे.

शेवटी मी साहेबांसमोर प्रस्ताव ठेवला, की प्रत्येक फाईलच्या नावात त्या दिवसाची तारीख आणि वेळ टाकू. ज्या नावात शेवटची तारीख ती ताजी. प्रश्न मिटला. जगभर असंच करतात.

आमचे साहेब सेवानिवृत्त होऊन आमच्याकडे आले होते आणि त्यांना बैठकांची फार आवड होती. त्यांनी बैठक बोलावली. मी फळ्यावर लिहिलं, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग तास आणि मिनिटं. साहेबांनी फळ्याकडे बोट केलं.

"हे उलटं काहून?"

"साहेब, असं लिहिलं की नावं आपोआप ओळीनं लागतात. शेवटची ती नवी."

"पण वर्ष पह्यले कोन लिहितं? पत्रिकेवर लिहितात का? बारशाले लिहितात का?"

मी म्हटलं, संगणकाचं बारसं नाही करायचं. ते त्यांना आवडलं नाही. मग त्यांनी विचारलं, की वेळेच्या मधली दोन टिंबं कुठं गेली. फाईलच्या नावात टिंबं चालत नाहीत, असं मी सांगितलं. आपल्या संस्थेतल्या संगणकाला टिंबं चालत नाहीत ही गोष्ट त्यांनी मनाला लावून घेतली आणि दुसरा संगणक घेता येईल का अशी चौकशी केली. नंतर आवाज खाली आणून त्यांनी खरी अडचण सांगितली. नावातच तारीख दिसायला लागली, तर अमावास्येच्या दिवशी टाकलेली यादी सगळ्यांना कळेल. पेशंटच्या नातेवाइकांना कळली तर? मी कपाळावर हात मारून घेतला, पण टेबलाखाली, कारण नोकरी नवी होती.

अखेर उलट्या तारखेला मंजुरी मिळाली. पण आमच्या सांगण्यावरून तालुक्यांनी काही करणं योग्य नव्हतं. पत्र पुण्याहून यायला पाहिजे होतं, म्हणजे त्याला वजन येतं. पुण्याच्या कंपनीत मराठी पत्रं लिहिणारं कुणीतरी होतं, देव त्याचं भलं करो. त्याचं पत्र आलं. 'यापुढे सर्व तालुक्यांनी धारिकेच्या नावात तालुक्याच्या नावापुढे चालू दिनांक व वेळ जोडावी.' खाली नमुना दिलेला नव्हता. ज्याला शुद्ध मराठी येतं त्याला नमुना कशाला लागतो?

आता धारिका म्हणजे फाईल, हे आमच्याकडे कुणालाच माहीत नाही. आणि चालू म्हणजे पंखा चालू, मोटर चालू, नाही तर एखादा माणूसच चालू, ज्याच्यापासून पोरीबाळींनी दूर राहायचं असतं. तरी लोकांनी पत्र मन लावून वाचलं. दुसऱ्या आठवड्यात फायली यायला लागल्या. महागावची आली 'महागाव_आज_जेवणानंतर'. एका तालुक्यानं नुसतं 'चालू' लिहिलं. आणि पांढरकवड्याहून आली 'केळापूर_चालू_दिनांक_व_वेळ'. तालुक्याचं नाव केळापूर आणि कचेरी पांढरकवड्याला, हा घोळ पुण्याला समजावून सांगण्यात आमचा आधीच एक महिना गेला होता.

पांढरकवड्याचे समन्वयक म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. सगळे त्यांना गुरुजीच म्हणायचे. मी फोन लावला.

"गुरुजी, फाईलच्या नावात तारीख टाकायची होती."

"टाकली ना मॅडम. पत्रात जे होतं थेच टाकलं. चालू दिनांक व वेळ."

"अहो, चालू दिनांक म्हणजे आजची तारीख."

"मंग तसं लिहाचं ना, 'आजची तारीख' म्हनून."

"तसं लिहिलं असतं तर काय केलं असतं तुम्ही?"

माणूस प्रामाणिक होता. "आता खरं सांगू का? 'केळापूर_आजची_तारीख' असंच टाकलं असतं. अख्खी नोकरी पोरायले हेच शिकवलं मॅडम, का प्रश्नात जे मांगतलं तेवढंच लिवा. आपल्या मनानं भर घालू नका."

मला हसू आवरेना, त्यांनाही आवरेना. मी नमुना पाठवला. तेव्हापासून गुरुजींच्या फायली अशा यायला लागल्या की बघत राहावं. वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सगळं जिथल्या तिथं. यादी तयार झाल्यावर ते भिंतीवरच्या घड्याळात बघून वेळ टाकायचे आणि मग मला फोन करून ते घड्याळ बरोबर आहे ना हेही विचारायचे. बाकीचे तालुकेही हळूहळू सुधारले. राहिली ती गुरुजींची पहिली फाईल. ती काढून टाका म्हणून मी पुण्याला कळवलं, तर उत्तर आलं की ऑडिट असल्यामुळे एकदा आलेली कोणतीही यादी काढता येणार नाही. बरं म्हटलं, राहू दे कोपऱ्यात. नव्या याद्या येतच होत्या. महागाववाले आणि दुसरे ते 'चालू'वाले तोवर आपली पहिली फाईल पुन्हा नव्या नावानं चढवून मोकळे झाले होते. त्यांची जुनी नावं त्यांनी ऑडिटच्या आदेशाआधीच पुसली होती. शिस्त पाळली ती एकट्या गुरुजींनी.

दसऱ्यानंतर शिबिरं सुरू झाली. केळापूर तालुक्याची पहिली गाडी आली, माणसं आली, ऑपरेशनं झाली, काळे चष्मे लावून सगळे परत गेले. दवाखान्याच्या पायरीवर साहेबांनी त्यांच्यासोबत फोटो काढला. फोटोत साहेबांनीही काळा चष्मा लावला होता, का ते त्यांनाच ठाऊक.

मग दुसरी गाडी आली. मी तेव्हा दवाखान्यातच होते. दार उघडलं आणि काळे चष्मे लावलेली माणसं एकामागून एक खाली उतरायला लागली. आधी मला वाटलं, डोळे तपासून घ्यायला आली असतील. मग ड्रायव्हरनं मला बाजूला बोलावलं.

"मॅडम, हे तं मांगच्याच बारीचे लोक हायत."

"मग आणले कशाला?"

"मोबाइलमंधी नावं आली ना. मले वाटलं दुसरा डोया असन."

मी त्यांच्यातल्या एका काकांना विचारलं, "काका, तुमचं तर झालं ना ऑपरेशन?"

"झालं ना. मस्त झालं. आता तुरीचं फूल दिसते मले बांधावरून."

"मग आज काहून आले?"

"गाडी दारात आली. त्यानं नाव घेतलं," काका म्हणाले. "नाव घेतल्यावर मानसानं नाई कसं म्हनाव?"

मी सगळ्यांना जेवू घातलं आणि त्याच गाडीनं परत पाठवलं. दोघातिघांनी जाता जाता यवतमाळचा बाजारही करून घेतला.

बैठक झाली. साहेब फार विचारात पडले होते. 'लाभार्थ्यांमध्ये जागृतीचा अभाव' असं कारण त्यांनी स्वतः लिहून काढलं आणि पुण्यालाही कळवलं. उपाय म्हणून एक पोस्टर छापलं, 'एकदा शस्त्रक्रिया झालेल्यांनी पुन्हा येऊ नये'. चौकशीसाठी खाली माझा मोबाइल नंबर टाकला. मी म्हटलं, साहेब, ते स्वतः आले नाहीत, आपण त्यांना उचलून आणलं. साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही कॉम्प्युटर पाहा. लोकायचं मी पाहतो."

पोस्टर लागल्यावर पहिला फोन आला तो एका आजींचा.

"जयभीम. थे डोयाच्या गाडीवाल्या बाई बोलून राह्यल्या का?"

मी म्हटलं, जयभीम आजी, बोला.

केळापूरच्या पुढं हायवेला लागून त्यांचं गाव. थंडीच्या आधी अख्ख्या गावाच्या गोधड्या त्या शिवून द्यायच्या. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू पूर्ण पिकला होता, डाव्यातही पडदा येऊ लागला होता. या वर्षी सुईत दोरा ओवून द्यायला त्यांना नात लागली. कार्यकर्तीनं डोळा बघितला, गुरुजींनी नाव यादीत घातलं आणि अमक्या दिवशी फाट्यावर थांबा, गाडी येईल, असा निरोपही दिला.

"गाडी आलती वो बाई," आजी म्हणाल्या. "मी पिशवी घेऊन उभी होती. माह्या समोरच्या घरच्या बुवाले घेऊन गेली. त्याचं तं झालं हाय ऑपरेशन! थो बी मले म्हने, मी कायले चाललो मलेच मालूम नाई. म्या ड्रायव्हरले म्हनलं, माहं नाव हाय. थो म्हने मोबाइलमंधी नाई. अर्धी गाडी खाली होती वो. जागा होती."

मी गुरुजींना फोन केला. गुरुजी चिडलेच. आजींचं नाव त्यांनी टाकलं होतं, कोणत्या फाईलमध्ये तेही त्यांनी घडाघडा सांगितलं. मी फोल्डर उघडलं. फाईल होती, नाव होतं, तारीख बरोबर होती. मग ड्रायव्हरला गेलेली यादी उघडली. ती सगळी जुनी. मी दोन्ही नावं एकाखाली एक ठेवून बघत बसले आणि मग एकदम माझं लक्ष त्या कोपऱ्यातल्या फाईलकडे गेलं.

संगणक नावं ओळीनं लावतो तेव्हा आधी आकडे येतात, मग अक्षरं. तारीख म्हणजे आकडे. 'चालू' म्हणजे अक्षर. म्हणजे गुरुजींनी आजची तारीख टाको, उद्याची टाको, पुढच्या शतकातली टाको, 'केळापूर_चालू_दिनांक_व_वेळ' तिच्यानंतरच येणार. आणि शेवटी येईल ती ताजी, असं प्रोग्रामला शिकवलेलं, आणि हातानं दाखवायची माझी सोय पुण्यानं त्याच वेळी बंद केलेली. केळापूर तालुक्यात त्या पहिल्या यादीच्या पुढं काळ सरकलाच नव्हता. पुण्याच्या पत्रानं सांगितलं होतं तसाच तिथला दिनांक कायमचा चालू राहिला होता.

मी पुण्याला फोन लावला. तिकडचा इंजिनिअर मुलगा फार नम्र होता. अशी नम्र माणसं भेटली की मला धडकी भरते, कारण ती काहीच करणार नसतात. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅम, तुम्ही एक तिकीट टाका ना." आमच्याकडे तिकीट एसटीत मिळतं आणि ते घेतलं की माणूस निदान कुठं तरी पोहोचतो. मी तिकीट टाकलं, म्हणजे तक्रार नोंदवली. सगळं लिहिलं, दोन्ही नावं लिहिली, खाली 'एका पेशंटचा डोळा यावर अवलंबून आहे' असंही लिहिलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, 'प्रणाली अपेक्षेप्रमाणे काम करत आहे.' आणि तिकीट बंद.

खरंच तसं होतं, हेच तर दुखणं. यंत्रानं सांगितलं तेच केलं, गुरुजींनी सांगितलं तेच केलं, ड्रायव्हरनं सांगितलं तेच केलं. इतकी आज्ञाधारक माणसं एका ठिकाणी जमली की कुणाचं तरी वाटोळं ठरलेलंच.

मी साहेबांकडे गेले. म्हटलं, तिकीट पुन्हा उघडायला लावा, आणि तोवर केळापूरची यादी मी कागदावर लिहून देते, ड्रायव्हरला ती घेऊन पाठवा. साहेब एकदम सावध झाले. हातानं लिहिलेल्या यादीवर गाडी? वाटेत ट्रकनं ठोकलं तर? विमा यादीतल्या माणसाचा असतो. त्यांनी मला विम्याचा कागद वाचून दाखवला. मी म्हटलं, साहेब, आजींचा डोळा पिकलेला आहे, फार थांबता येणार नाही. ते म्हणाले, "मी समजतो मॅडम. म्हनूनच आपन पद्धतशीर जाऊ." तिकीट पुन्हा उघडलं. पुण्यात कुणाची तरी सुट्टी होती. दिवाळी होती. मग ज्याच्याकडे ते काम होतं त्यानं नोकरी सोडली.

या काळात केळापूरची गाडी आणखी एकदा जाऊन आली. त्याच जुन्या यादीवर. या वेळी लोक शहाणे झाले होते. पोस्टर वाचून त्यांनी गाडीत बसायला नकार दिला आणि गाडी रिकामी परत आली. साहेबांनी अहवालात लिहिलं, 'जागृती मोहिमेस उत्तम प्रतिसाद.' आजी फाट्यावर होत्या. ड्रायव्हरनं मला नंतर सांगितलं, "म्हातारी लय हात जोडून राह्यली होती मॅडम. पन मांगं एकाले असंच बसवलं तं साहेबानं मलेच धारेवर धरलं होतं." रिकामी गाडी. मला ते ऐकून इतका संताप आला की मी त्याच्यावर ओरडले, आणि त्याच्यावर ओरडून काय उपयोग म्हणून आणखी संताप आला.

त्याच दिवशी मी गुरुजींना फोन केला. ऑडिट म्हणतं फाईल काढायची नाही ना? नका काढू. तिच्याही पुढं जाईल अशी फाईल टाकू. तारखेचा उपयोग नाही, आकडा अक्षराच्या पुढं जातच नाही. 'च'च्याच काय, सगळ्यांच्या शेवटी येणारं अक्षर पाहिजे.

"मंग ज्ञ घ्या," गुरुजी म्हणाले. "ज्ञानाचा."

"ज्ञ चालत नाही गुरुजी. संगणक त्याला ज समजतो."

"हे मात्र चुकीचं हाय," गुरुजी म्हणाले. त्यांना ते खरंच लागलं. मग त्यांनी मुळाक्षरं मनातल्या मनात म्हटली असावीत. "मंग ह घ्या. ह पाशी संपते सारं."

आणि अशा रीतीनं बैठका, मंजुरी, पुण्याचं पत्र, उलटी तारीख आणि तास-मिनिटं या सगळ्यातून तावून सुलाखून जी फाईल निघाली तिचं नाव होतं 'केळापूर_हीच_घ्या'. प्रोग्रामनं ती मुकाट्यानं उचलली. आजींचं नाव ड्रायव्हरच्या मोबाइलवर गेलं. पुढच्या खेपेला गाडी फाट्यावर थांबली आणि त्यांना घेऊन आली. आम्हाला जमलं म्हणून मी ऑफिसात पेढे आणायचं ठरवलं होतं, हे आता आठवलं तरी कसंसं होतं.

आजी उतरल्या तेव्हा त्यांनी उजव्या डोळ्यावर पदराचं टोक धरलं होतं. डोळा लालबुंद झाला होता. दुसऱ्यांदा गाडी निघून गेली त्या सांजेपासून ठणका सुरू झाला, असं त्या म्हणाल्या. डोकं फुटेल असा ठणका. मुलगा आणि सून कापूस वेचायला जात होते, वेचणीचे दिवस. आणि गाडी येणार असं सांगितलेलं असल्यामुळे त्या गाडीचीच वाट बघत राहिल्या. एसटीनं का नाही आलात, असं मी विचारलं. "यादीत नाव होतं ना," त्या म्हणाल्या. "एसटीनं आली असती अन् इकडे गाडी आली असती तं? तुमाले वाटलं असतं म्हातारी खोटी हाय."

डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. मग मला बाहेर घेऊन गेले. मोतीबिंदू जास्त पिकून आतल्या आत फुटला होता, डोळ्यातला दाब वाढून मागची नस गेली होती. ठणका थांबवता येईल. नजर येणार नाही. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन करू, तो दिसेल. "पहिल्या गाडीनं आल्या असत्या तर," एवढं म्हणून ते परत आत गेले.

आजींना त्यांनीच सांगितलं. आजींनी ऐकून घेतलं, पदरानं डोळा पुसला, आणि डाव्याचं कधी करता ते विचारलं. मला रडू आलं. आजींना नाही आलं.

मग डॉक्टर संगणकासमोर बसले. आमच्याकडे प्रत्येक पेशंटची फाईल तिथंच तयार होते आणि तिच्या नावात तारीख-वेळ आपोआप लागते, ही सुधारणाही मीच मागून घेतलेली. एक रकाना होता, 'दृष्टी न मिळण्याचे कारण'. तो भरल्याशिवाय फाईल बंद होत नाही. डॉक्टरांनी तो उघडला. त्यात निवडायला तीनच कारणं होती. रुग्ण उशिरा आला. रुग्णाने नकार दिला. रुग्णास इतर आजार. डॉक्टरांनी पहिलं निवडलं.

"सर, हे खरं नाही," मी म्हटलं.

"मला माहीत आहे," ते म्हणाले. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. "यातलं कोणतं खरं आहे ते तुम्ही सांगा, मी तेच टाकतो."

मी तिन्ही वाचली. पुन्हा वाचली. तिथं आम्ही उशिरा गेलो असं लिहायला जागाच ठेवली नव्हती. बाहेर पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं गेलं. त्यांनी बटण दाबलं, फाईल बंद झाली.

आजी बाकावर बसूनच होत्या. आमचं बोलणं चालू असताना त्या डाव्या डोळ्यानं एकदा माझ्याकडे आणि एकदा डॉक्टरांकडे बघत होत्या.

"काय लिवलं वो पोरी त्याईनं?"

खोटं सांगायचं माझ्या मनात आलं होतं, पण जमलं नाही. मी म्हटलं, "आजी, त्यांनी लिहिलं की तुम्ही उशिरा आल्या."

"मी?" आजी म्हणाल्या. "मी तं दोन्ही बाऱ्या गाडीच्या पह्यले येऊन उभी होती."